न घडलेल्या गोळीबाराची चौकशी

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी एकमेकांना खाऊन अगदी सुखाने राहत होते.

सुखाने म्हणजे रीतभात पाळून. कुणाला कुणाचा जीव घ्यायचा असेल, तर आधी त्याच्या जवळ जावं लागे. धावावं लागे. काटे टोचत, धाप लागे, कधी समोरचा उलटून लाथ घाली. पुष्कळांचा राग निम्म्या वाटेवरच उतरे आणि ते एखाद्या झाडाखाली आडवे होत. भांडणं रोजची होती. मरण आपलं अधूनमधून.

मग तिथे शिकारी आले. आठ दिवस तंबू ठोकून राहिले, दारू पिऊन आपापसात भांडले आणि घाईघाईने निघून गेले. जाताना बंदुकांचे पेटारे विसरले.

ते पेटारे हुपाशेठ वानराला सापडले. हुपाशेठ हा शिकलेला वानर होता. म्हणजे त्याला विकता येत होतं. तो पहिल्यांदा सांबराकडे गेला आणि म्हणाला, "बिबट्याचा काही भरवसा नाही." सांबराने बंदूक घेतली. मग तो बिबट्याकडे गेला आणि म्हणाला, "सांबराने बंदूक घेतलीय, कानावर आलं असेलच." बिबट्याने दोन घेतल्या. त्यानंतर हुपाशेठला कुठे जावं लागलं नाही. गिऱ्हाइकंच त्याच्या झाडाखाली रांग लावू लागली. साळिंदराच्या अंगावर हजार काटे होते, त्यानेही घेतली. कासवाला कवच होतं. पण शेजारच्या कासवालाही कवच होतं, मग ह्याचं वेगळेपण ते काय राहिलं? त्यानेही घेतली.

वाघ महाराजांनी दुकानाचं उद्घाटन केलं. म्हणाले, "आपलं जंगल आता सुरक्षित झालं."

पाचव्या दिवशी शिरपा बुलबुल आणि गेनू बुलबुल यांचं एका पिकल्या उंबरावरून वाजलं. त्यांचं दरवर्षीच वाजायचं. एकमेकांचे आईबाप काढायचे, दोन-चार पिसं उपटायची, आणि तेवढ्यात ते उंबर तिसराच कुणी खाऊन जायचा. यंदा शिरपाने चाप ओढला. गेनू खाली पडला. शिरपा कितीतरी वेळ फांदीवरून खाली बघत राहिला. गेनू उठून शिवी देईल अशी त्याला आशा होती.

जंगल हळहळलं. महाराजांनी शोक व्यक्त केला आणि एक समिती नेमली. तिचं नाव 'मूळ कारण शोध समिती'. अध्यक्ष कोल्हे दिवाण. सभासद घुबडशास्त्री आणि बगळेबुवा. शास्त्रीबुवा दिवसा झोपत आणि बगळेबुवा डोळे मिटून एका पायावर उभे राहत, त्यामुळे समितीत कधी मतभेद झाले नाहीत.

समितीने कसून काम केलं, बरं का! बेडकांची गाणी फार भडक असतात, त्यांनी पिढी बिघडते, असं तिला आढळलं. मोहाच्या फुलांचा वास डोक्यात जातो, असंही आढळलं. बुलबुलांच्या आया अंडी नीट उबवत नाहीत, हेही आढळलं. एका मुंगीने भीत भीत विचारलं, "महाराज, ती बंदूकसुद्धा कारण असेल का?" समितीने तिला बाहेर काढलं. अशा दुःखाच्या वेळी राजकारण करू नये, हे मुंगीसारख्या कष्टाळू बाईला कळायला हवं होतं. शेवटी, कारणाचं मूळ शोधायचं तर खणायला हवं, म्हणून समितीने दरबारापुढचा वड खणून काढला. तो पडला. त्याखाली काही सापडलं नाही, असा अहवाल आला.

आता, मुलांनो, सगुणाबाईकडे येऊ. कारण गोष्ट तिची आहे.

सगुणाबाई ही सशीण. टपाल खात्यात होती. मुलं मोठी होऊन पांगली होती, सशांची पांगतातच. ती एकटी राहायची, आणि दिवसभर बिळाबिळातून, ढोलीढोलीतून टपाल वाटत फिरायची. सशाच्या जातीने एवढं हिंडावं म्हणजे जिवाशीच खेळ. पण दरबारचा हुकूम होता की खांद्यावर टपालाची पिशवी असेपर्यंत टपालवाल्याला कुणीही खाऊ नये. पिशवी उतरली की तो पुन्हा साधा ससा. म्हणून सगुणाबाई पिशवी घेऊनच जेवायची आणि पिशवी घेऊनच झोपायची.

ती काही फार प्रेमळ वगैरे नव्हती. पाय दुखले की चिडायची. मोराच्या घरी पत्र टाकताना तोंडातल्या तोंडात त्याला नावं ठेवायची. फक्त तिला एक खोड होती. कुणाकडे काय येतं आणि कुणाकडे काय येत नाही, ते तिच्या लक्षात राहायचं.

जंगलाच्या टोकाला, खडकाळ उतारावर, रखमाजी तरस राहायचा. जंगलातली मढी उचलणं हे त्याचं काम. कुठेही कुणी मेलं की रखमाजीला बोलावणं यायचं. काम झालं की लोक त्याच्या पाठीमागे पाणी शिंपडायचे आणि दार लावून घ्यायचे. पिल्लांनी त्याच्यावर एक गाणंही केलं होतं :

"तरस आला, वास आला,
नाक धरा, चला चला!"

पिल्लांच्या आया म्हणायच्या, "असं म्हणू नये हं." आणि चाल चांगली आहे म्हणून स्वतःच गुणगुणायच्या.

पाणवठ्यावरही रखमाजीची पाळी सगळ्यात शेवटी. रानडुकरं लोळून गेल्यावर. तोवर पाण्याचा चिखल झालेला असे. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको त्या पाण्याने आजारी पडली आणि गेली. तिला उचलायला रखमाजीच गेला. दुसरा कोण जाणार? ते काम त्याचंच होतं. भेटायला कुणी आलं नाही. मढी उचलणाऱ्याला मरणाचं काय एवढं, असं लोकांना वाटलं असावं.

त्यानंतर रखमाजीने दरबारात अर्ज केला. सकाळी सगळ्यांच्या बरोबरीने पाणी प्यायची परवानगी असावी, एवढीच विनंती. अर्ज परत आला. शेरा होता, 'योग्य नमुन्यात नाही.' त्याने योग्य नमुन्यात केला. शेरा आला, 'योग्य मार्गाने यावा.' त्याने मार्ग बदलला. शेरा आला, 'मुदत संपली.' असे अकरा अर्ज झाले. अकराही वेळा सगुणाबाईच ते घेऊन गेली आणि तीच परत घेऊन आली. दर वेळी रखमाजी उतारावरून हाक मारायचा, "बाई, तेवढं लवकर पोचवा!"

बंदुकीसाठी मात्र अर्ज लागत नव्हता. नमुनाही नव्हता आणि मार्गही नव्हता. रखमाजी गेला आणि हुपाशेठने ती हसून त्याच्या हातात ठेवली. जंगलातलं एवढं एकच दार त्याला उघडं होतं, आणि तिथे त्याचं 'या, या' म्हणून स्वागत झालं.

वसंत मेळाव्याच्या आदल्या दिवशी सगुणाबाई उतारावरून चालली होती. रखमाजी घराबाहेर येऊन उभा होता. त्याने एक पाकीट दिलं. वर 'दरबारास' एवढंच.

"अर्ज का?" तिने विचारलं.

"नाही. कळवलंय फक्त."

"आजच पोचवते."

"नको," रखमाजी म्हणाला. "उद्याच्या मेळाव्यानंतर पोचलं तरी चालेल. घाई नाही."

मग तो आत गेला आणि एक तांब्या घेऊन आला. चांगला घासलेला होता.

"हा राहू द्या तुमच्याकडे. मला आता लागायचा नाही."

सगुणाबाई तांब्या घेऊन चालू लागली. शंभर पावलांवर तिचे पाय थांबले. अकरा वेळा 'लवकर पोचवा' म्हणणारा आज घाई नाही म्हणत होता. पाण्यासाठी एवढा झगडला आणि आज तांब्या देऊन टाकला. पाकीट फोडायची तिला परवानगी नव्हती. फोडायची गरजही नव्हती.

ती धावत दरबारात गेली. कोल्हे दिवाण उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका वाचत होते.

"दिवाणसाहेब, रखमाजीचं लक्षण ठीक दिसत नाही. त्याच्याकडे बंदूक आहे. उद्या मेळाव्यात काहीतरी करील."

"काही केलंय का त्याने?"

"अजून नाही."

"मग बाई, आम्ही काय करणार?" दिवाणांनी पत्रिका खाली ठेवली. "घटना घडली की या. त्याशिवाय नोंद घेता येत नाही. समिती आहे, शोकसंदेश तयार आहे, फक्त नाव घालायचं राहिलंय. दरबार बेसावध आहे असं समजू नका."

"पण त्याला बोलावून नुसतं विचारलं तर? पाण्याचं काय ते—"

"तो वेगळा विषय. वेगळा विभाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मेळावा भरला. ढोल वाजत होते. प्राणी आपापल्या बंदुका पुसून, फुलं लावून आले होते. सगुणाबाईच्या पिशवीत तातडीचं टपाल होतं. त्यात मोराला दरबाराकडून आलेलं मानपत्र होतं आणि ते मेळावा सुरू व्हायच्या आत त्याच्या हातात पडायला हवं होतं. ती मैदानाकडे निघाली. मग तिने वर उताराकडे पाहिलं. करवंदीच्या जाळीत काहीतरी चकाकलं.

सगुणाबाईला वाटलं, आपण पाहिलंच नाही. असं वाटून ती चार उड्या पुढे गेलीसुद्धा. मग स्वतःला एक शिवी घातली आणि उतार चढायला लागली.

रखमाजी जाळीमागे बसला होता. बंदूक मांडीवर. इथून सगळं मैदान तळहातासारखं दिसत होतं. वाघ महाराज, दिवाण, गाणारी पिल्लं, त्यांच्या आया. जवळ जायची गरजच नव्हती.

"रखमाजी," ती म्हणाली, "जरा सरकता का? बसते मी."

तो दचकला. "बाई, तुम्ही इथं कशाला आला? जा तुम्ही."

"पाय दुखतात हो. वरपर्यंत चढून आलेय."

तो सरकला. ती बसली. पिशवीचा पट्टा खांद्याला काचत होता. तिने पिशवी काढून शेजारी ठेवली.

"पिशवी घाला!" रखमाजी घाबरून म्हणाला. "बाई, मी तरस आहे."

"माहीत आहे मला."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! हे बघा." तिचे कान पानासारखे थरथरत होते. "पण ओझं घेऊन बोलणं होत नाही."

खाली ढोल थांबले. पिल्लांनी गाणं सुरू केलं. कुठलं ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना तेवढं एकच नीट येत होतं. रखमाजीचा पंजा चापाकडे गेला.

सगुणाबाईला काही सुचेना. शहाण्या माणसांनी अशा वेळी काय बोलावं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती भीतीने जे तोंडात आलं ते बोलली.

"तुमच्या मंडळींचं नाव काय होतं हो? इतकी वर्षं येते, पण विचारायचं राहूनच गेलं."

रखमाजीचा पंजा चापाजवळच थांबला. तो म्हणाला, "गजरा."

"गजरा. छान नाव."

"तिला शोभायचं नाही," तो म्हणाला. "ती अशी दांडगी होती. एकदा अस्वलाला ढकललं होतं तिने. आणि नक्कल कसली करायची! घुबडशास्त्र्यांची केली की मला हसून हसून उचकी लागायची." तो हसायला लागला आणि हसता हसताच त्याचं तोंड वाकडं झालं. "मी तिला उचलून नेली तेव्हा ती इतकी हलकी लागली, बाई. मी रोज मढी उचलतो. मला वजन कळतं. एवढी हलकी होईपर्यंत मला कळलं कसं नाही?"

सगुणाबाई नुसती बसून राहिली.

मग रखमाजी बोलत सुटला. गजराने पहिल्यांदा घर कसं सारवलं, कुठल्या गोष्टीवरून महिनाभर अबोला धरला, अर्ज लिहायची कल्पना खरं तर तिचीच कशी होती. मध्ये मध्ये थांबायचा. ती "मग?" म्हणायची. खाली महाराजांचं भाषण झालं, मोर मानपत्राशिवायच नाचला, पेढे वाटले गेले. लोक पांगले. पिल्लं आयांचे पदर धरून घरी गेली.

मैदान रिकामं झाल्यावर रखमाजीने खाली पाहिलं.

"गेले की सगळे," तो म्हणाला.

"गेले."

त्याने बंदूक उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. सगुणाबाईला ती कशी धरतात तेही माहीत नव्हतं. दोघांनी मिळून ती एका पडक्या बिळात टाकली आणि वरून धोंडे लोटले.

"आता घरी चला," सगुणाबाई म्हणाली. "भूक लागलीय मला."

तिच्याकडे नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. तरसाला भाजी पचत नाही. पण रखमाजीने ती तीनदा मागून घेतली. रात्री त्याचं पोट फार दुखलं, असं त्याने पुढे कधीतरी सांगितलं.

झालं! त्या दिवशी मेळाव्यात काहीही घडलं नाही. आणि काही घडलं नाही म्हणून, मुलांनो, पुढचं सगळं घडलं.

मोराने तक्रार केली. मानपत्र वेळेवर न आल्यामुळे आपल्याला नुसतंच नाचावं लागलं आणि लोकांना तो साधा नाच वाटला. सगुणाबाईची चौकशी लागली. तिने काही लपवलं नाही. पाकीट, तांब्या, करवंदीची जाळी, सगळं सांगितलं.

कोल्हे दिवाणांनी लेखणी थांबवली. "म्हणजे गोळीबार झाला?"

"नाही झाला."

"किती मेले?"

"कुणीच नाही."

"मग तुम्ही थांबवलंत काय? जे झालंच नाही, ते थांबवता येतं का, शास्त्रीबुवा?"

घुबडशास्त्री झोपेतच नाही म्हणाले.

"आणि तुम्ही त्याला नेमकं काय केलंत?"

"काही नाही हो. बसले. बायकोचं नाव विचारलं. ऐकलं. आणि साहेब, त्याला सकाळचं पाणी मिळालं असतं ना, तर तेवढंही करावं लागलं नसतं."

"कर्तव्याच्या वेळेत गप्पा," दिवाणांनी लिहिलं. सगुणाबाई निलंबित झाली. पिशवी जमा करून घेतली. पिशवी गेली म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. दरबाराने तिला शिक्षा फक्त निलंबनाची केली होती. खायचं की नाही, ते ज्याच्या त्याच्या भुकेवर सोडलं होतं.

त्याच संध्याकाळी तिच्या कुंपणाशी दोन तरुण कोल्हे घुटमळू लागले. सगुणाबाई दार लावून आत बसली. थोड्या वेळाने बाहेर खाकरल्याचा आवाज आला. तिने फटीतून पाहिलं. ओट्यावर रखमाजी बसला होता, पाय पसरून, अगदी घरच्यासारखा. कोल्हे परत गेले. सगुणाबाईने दार उघडलं, आणि उघडंच ठेवलं.

पण दिवाण हुशार होते. सगुणाबाईचं बोलणं त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. प्रेमाने वागल्याने काहीतरी होतं, असा काही प्रकार असावा, हे त्यांच्या ध्यानात आलं. मात्र ते असं एकट्यादुकट्याने, परवानगीशिवाय होऊ नये. त्यांनी लगोलग 'आपुलकी पंधरवडा' जाहीर केला.

जंगलभर पाट्या लागल्या. 'गोड बोला.' 'शेजाऱ्याकडे पाहून हसा.' ज्यांना आपुलकी दाखवायची असेल त्यांनी आठ दिवस आधी नाव नोंदवावं, असं ठरलं. हुपाशेठने मोठ्या मनाने साथ दिली. दस्त्यावर फूल कोरलेली खास 'आपुलकी' बंदूक त्याने आणली. खाली कोरलं होतं, 'आधी नमस्कार, मग बार.' ती फार खपली. भेट द्यायला बरी पडायची.

पाणवठ्यावरही एक पाटी लागली. 'सर्वांचे स्वागत आहे.' तिच्या खाली पाळ्यांचा तक्ता होता. त्यात रखमाजीचं नाव होतं तिथेच होतं.

पंधरवड्याच्या समारोपाला मोठी सभा भरली. हत्यार आणि हसऱ्या तोंडाचा बिल्ला, दोन्ही असल्याशिवाय आत सोडत नव्हते. सगुणाबाई आरोपी, म्हणून तिला तेवढं दोन्हींशिवाय आत आणून पहिल्या रांगेत उभं केलं होतं. आपली चूक झाली, असं तिने सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. म्हटलं तर पिशवी परत मिळणार होती.

रखमाजीला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला. नदीवर जाऊन त्याने तीन वेळा आंघोळ केली होती. आयाळ पाणी लावून चापून बसवली होती. बाईंची चूक नाही, मी त्या जाळीत होतो, एवढं सांगायचं त्याने घोकून ठेवलं होतं.

फाटकावर मुंगूस पहारेकरी होता. "हत्यार?"

"नाही," रखमाजी म्हणाला. "टाकलं मी."

"टाकलं? म्हणजे नाहीच?"

"नाही."

मुंगसाने आयुष्यात असा प्राणी पाहिला नव्हता. तो ओरडला, "ह्याच्याकडे हत्यार नाही म्हणतो!"

सभा वळली. कुणीतरी म्हणालं, "तरसाकडे हत्यार नाही? लपवलंय!" दुसरा म्हणाला, "त्याशिवाय आंघोळ करून कोण येईल?" सगळ्या बंदुका वर झाल्या. सगळ्यांच्या छातीवर बिल्ला हसत होता.

रखमाजी घाबरला. आणि तरस घाबरला की काय होतं? तो हसतो. देवाने त्याला तसंच केलंय, त्याला इलाज नाही. रखमाजी हसला.

पहिला बार कासवाने काढला. दुसऱ्या कासवाने पाहिलं, की पहिल्याने काढला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. फुलं कोरलेल्या, न कोरलेल्या, सगळ्या एकदम उडाल्या. नमस्कार करायचा सगळ्यांचाच राहून गेला.

धूर बसला तेव्हा पाच जण पडलेले होते. भेकर मास्तर होते. एक तित्तिराचं जोडपं होतं. शेकरू होतं. आणि उंबरावरून भांडणारा शिरपा बुलबुल होता. रखमाजीच्या मागच्या पायात गोळी शिरली होती. सगुणाबाई मधल्या रांगांवरून उड्या मारत त्याच्याकडे धावली. चूक झाली म्हणायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही, त्यामुळे पिशवी कायमची गेली. तिने लुगड्याचा पदर फाडून त्याचा पाय बांधला. मुळात तरस लंगडाच चालतो, तेव्हा ह्याला लागलंय हे बाकी कुणाला कळलं नाही.

मग पंचाईत झाली. पाच मढी उचलायची होती आणि उचलणारा स्वतःच आडवा होता. जंगलाने कितीतरी वेळ वाट पाहिली. शेवटी ज्याचं त्याने उचललं. भेकरणीने मास्तरांना पाठीवर घेतलं. किती जड होतं ते तिला त्या दिवशी कळलं. तिच्या पाठीमागे कुणी पाणी शिंपडलं नाही.

समितीने या वेळी मूळ कारण एका दिवसात शोधलं. सभेत गोळीबार होण्याचं कारण होतं, एक निःशस्त्र प्राणी. तो आला नसता तर कुणी घाबरलं नसतं. म्हणून महाराजांनी कायदा केला, की यापुढे जंगलात हत्याराशिवाय फिरणं हा गुन्हा. हुपाशेठने दुसरं झाड घेतलं.

कायद्याला मानून सगुणाबाई आणि रखमाजी फिरेनासे झाले. दोघं ओट्यावर बसून असायची. बसून राहण्याविरुद्ध कायदा करायचं दिवाणांच्या लक्षात आलं नव्हतं.

एके दुपारी भेकरीण तिथे आली. हातात मास्तरांची बंदूक. रखमाजीसमोर उभी राहिली. "तू आला नसतास तर ते वाचले असते," ती म्हणाली. रखमाजी म्हणाला, "खरंय, बाई." आणि तो हसला नाही, कारण त्या वेळी तो घाबरलेला नव्हता, दुःखात होता. सगुणाबाईने पेजेची वाटी आणून भेकरणीच्या पुढ्यात ठेवली. बंदूक हातात धरून पेज पिता येत नाही. थोड्या वेळाने भेकरणीने ती खाली ठेवली. रडली, भांडली, मास्तरांनी अर्धवट तपासलेल्या वह्यांबद्दल सांगत बसली. अंधार पडायच्या आत घरी गेली. बंदूक तिथेच विसरली. की विसरली नसेल, कुणास ठाऊक!

त्या वर्षी ओट्यावर असे सात जण येऊन गेले. म्हणजे सात गोळीबार झाले नाहीत. निदान. झालेल्या प्रत्येक गोळीबाराची दरबारात जाडजूड वही आहे. न झालेल्यांची नोंद ठेवायला वही नाही. त्यामुळे सगुणाबाई आणि रखमाजी हे दोघे दिवसभर नुसते बसून असतात, कामाचे ना काजाचे, असं जंगलात अजून म्हणतात.

तात्पर्य : बाळांनो, दुःखी प्राण्याशेजारी कधीही बसू नये. वेळ जातो, टपालाला उशीर होतो, नोकरी जाते, आणि एवढं करून शेवटी काहीच घडत नाही. त्यापेक्षा एक चांगलीशी बंदूक घ्यावी. मग काहीतरी नक्की घडतं, आणि त्यानंतर सगळं जंगल येऊन तुमच्या शेजारी दोन मिनिटं अगदी आपुलकीने उभं राहतं.